समुद्राखालचा आमचा पाषाण

मी एकदा समुद्राच्या तळाखाली कारळाच्या चटणीचा साठा शोधून काढला. तो खनिज तेलाचा आहे असं मुंबईच्या ऑफिसला कळवलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि अख्खी रिग त्या चटणीच्या मागे कामाला लागली.

या अंकाच्या संपादकांनी मला माझ्या नोकरीतल्या यशाबद्दल लिहायला सांगितलं होतं. यशाबद्दल लिहायचं तर पोस्टकार्ड पुरलं असतं. त्यांनी पानं बरीच दिली, म्हणून फजिती लिहितो.

मी चौसाळ्याचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर, तोही हेलिकॉप्टरमधून, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी माझे डोळे मिटलेले होते. काम होतं विहिरीवरच्या भूवैज्ञानिकाचं. समुद्रात खोल विहीर खोदली जात असते तेव्हा खालून वर येणारा दगडाचा चुरा तपासायचा आणि आपण आत्ता कोणत्या खडकात आहोत, त्यात तेल आहे की नाही, ते ऑफिसला कळवायचं. दोन आठवडे रिगवर, म्हणजे समुद्रातल्या खोदाईच्या सांगाड्यावर, दोन आठवडे घरी. हे दोन आठवडे घरी असणं गावाला कधी पटलं नाही. नेकनूरच्या एका पाहुण्यांनी माझ्या बायकोला, शोभाला, एकदा बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "साहेबाला सारखं सारखं सस्पेंड कावून करतेत ओ?"

घरी असलो की माझा मुक्काम बाबूच्या दुकानात. बाबू माझा वर्गमित्र. हायवेला लागून त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आसपासच्या शिवारातल्या जळालेल्या पाणबुडी मोटारी त्याच्याकडे येतात आणि तो दिवसभर मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळत बसतो. मान वर न करता बोलायची त्याला सवय आहे. त्यामुळे तो आपलं ऐकतोय की नाही हे कळत नाही, आणि ऐकत होता हे नेहमी उशिरा कळतं.

एकदा मी रिगवरून आलो तो तोंड पाडून. बाबूनं विचारलं, "काय झालं बे?"

"विहीर कोरडी गेली."

"खालपस्तोर कोरडी?"

"पाणीच पाणी लागलं रे सगळ्या खडकात."

तार गुंडाळणारा हात थांबला. "पाण्यानं भरलेल्या विहिरीला तुमी कोरडी म्हणता?"

"तेल नाही म्हणजे कोरडीच."

"लई येडं खातं हाय तुमचं. हितं पाणी लागावं म्हणून लोक नारळ फोडतेत, अन् तुमी पाण्यात उभं राहून बोअर पाडता, अन् पाणी लागलं की रडता."

 

तरी लोकांना वाटतं तसं समुद्राखाली तेलाचं तळं नसतं, एवढं मी चौसाळ्यात बऱ्याच जणांना समजावलं आहे. तेल दगडात असतं. दिवाळीचे दिवस आहेत म्हणून अनारशाचं उदाहरण देतो. अनारशाला जाळी पडते. त्या जाळीत तूप मुरतं. चुनखडीच्या दगडाला अशीच बारीक जाळी असते आणि त्यात तेल मुरलेलं असतं. जाळी नसली तर तेल राहणार कुठं? आणि भोकं असली पण एकमेकांना जोडलेली नसली, तर आत असलेलं तेल बाहेर येणार कसं? म्हणजे अनारसा जमला पाहिजे. आमच्या घरी तो दर वर्षी जमतोच असं नाही. निसर्गाचंही तसंच आहे.

तेल पाण्यापेक्षा हलकं. खडकातल्या पाण्यातून ते वर वर सरकत राहतं. वाटेत कुठं परात पालथी घातल्यासारखा चिकणमातीचा घट्ट थर आला, तर त्या परातीखाली अडकतं. आमचा सगळा धंदा म्हणजे समुद्राखालच्या पालथ्या पराती शोधायच्या. बऱ्याच पराती रिकाम्या असतात. काहींना भोक पडलेलं असतं. आणि काहींच्या खाली तेल असतं, पण इतकं थोडं की ते काढायचा खर्च निघत नाही.

ही शेवटची जात सगळ्यात वाईट. कोरडी विहीर माणूस विसरून जातो. थोडं तेल असलेली विहीर विसरता येत नाही.

सोनवणे मॅडमची परात या जातीची होती.

मॅडम मुंबईच्या ऑफिसात नकाशे करायच्या. मूळच्या परभणीकडच्या. कमी बोलायच्या, आणि बोलल्या की समोरच्याला आपला शर्ट इनमध्ये आहे का ते तपासावंसं वाटायचं. त्यांच्या टेबलावर एका छोट्या क्षेत्राचा नकाशा वर्षानुवर्षं होता. तिथं फार पूर्वी कुणीतरी एक विहीर खोदली होती, जरासं तेल दिसलं होतं आणि "आर्थिकदृष्ट्या अयोग्य" असा शेरा मारून ते क्षेत्र सोडून दिलं होतं. समुद्रात प्लॅटफॉर्म उभा करणं, त्यावर तेल, पाणी नि गॅस वेगळे करणारी यंत्रं बसवणं, किनाऱ्यापर्यंत नळ टाकणं हे एवढ्याशा तेलासाठी परवडत नव्हतं.

पण जवळच एक जुनं मोठं क्षेत्र होतं. त्याचं तेल आता ओसरत चाललं होतं, म्हणजे तिथल्या प्लॅटफॉर्मवरची यंत्रं अर्धी रिकामी. मॅडमचं म्हणणं, आपलं तेल समुद्रतळावरून नळानं तिकडं न्यायचं आणि त्यांच्याच यंत्रांवर साफ करायचं. आपल्याकडं लहान शेतकरी शेजाऱ्याच्या विहिरीवरून लाइन ओढून घेतो ना, तसंच. फक्त शेजाऱ्याची विहीर चालू आहे तोवरच हे जमतं. तो प्लॅटफॉर्म एकदा बंद पडला की मॅडमचं क्षेत्र कायमचं मेलं.

वरच्यांनी त्यांना एक विहीर मंजूर केली. एकच. तीत दाखवण्याजोगं तेल लागलं तर पुढचा विचार. नाही लागलं तर ते क्षेत्र सरकारला परत. त्या विहिरीवर पाठवायला त्यांना सगळ्या खात्यात मी मिळालो.

रिगवरचं माझं काम कसं चालायचं ते थोडक्यात सांगतो. पोलादी नळांच्या टोकाला दात असलेलं बिट फिरत असतं. त्या नळातून खास कालवलेला चिखल खाली सोडतात. आम्ही त्याला मड म्हणतो. तो मड बिटच्या तोंडातून बाहेर पडतो आणि दगडाचा चुरा घेऊन नळाच्या बाहेरून वर येतो. वर थरथरणारी मोठी चाळण असते, तीवर चुरा वेगळा होतो. तो धुवायचा, भिंगाखाली बघायचा, वास घ्यायचा आणि जांभळ्या उजेडाच्या दिव्याखाली धरायचा. खनिज तेल त्या उजेडात चमकतं. दगडावर निळसर पिवळी चमक दिसली की तेलाची खूण. शेजारी एक यंत्र मडमधून येणारा गॅस मोजत असतं. तेलाबरोबर सहसा गॅस असतो, म्हणून दिवा आणि यंत्र यांची साक्ष जुळली पाहिजे.

आता चटणी. रिगवरच्या मेसमध्ये खाणं उत्तम, पण त्याला चव सगळ्या देशाची मिळून एकच. शोभा म्हणायची, "ते पनीर खाऊन किती दिवस काढताल?" आणि लसूण घालून केलेली कारळाची चटणी भरून बरणी द्यायची, वर करडईचं तेल सढळ. आम्ही चुनखडीच्या थरात शिरलो तेव्हा मला केबिन सोडून मेसमध्ये जाणं शक्य नव्हतं. मी जेवण केबिनमध्येच मागवलं, चपातीबरोबर चटणी खाल्ली, हात रुमालाला पुसले आणि नुकताच आलेला चुरा बोटांनी चिमटीत उचलून दिव्याखाली धरला.

चमकला! काय सुंदर चमकला! मी दुसरी चिमूट उचलली. तीही चमकली. तेल विरघळवणाऱ्या द्रावकाचा थेंब टाकला तर चमक धुरासारखी त्यात पसरली. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी. गॅसचं यंत्र मात्र ढिम्म. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. मॅडमना फोन लावला.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, आयुष्यात इतकी चांगली चमक पाहिली नाही."

हे मात्र खरं होतं.

मॅडमनी लगेच वरच्यांशी बोलून खडकाचा अखंड तुकडा, म्हणजे कोअर, काढायची परवानगी आणली. कोअर काढायचा म्हणजे खोदाई थांबवायची, खालचे सगळे नळ एकेक करून वर ओढायचे, बिट काढून पोकळ नळी लावायची, पुन्हा सगळे नळ खाली सोडायचे, कापायचं आणि पुन्हा सगळे वर. रिगचं भाडं तासागणिक चालू. रिगवर खोदाईचा मुख्य होता परब, मालवणकडचा माणूस. तो एका शब्दानं कुरकुरला नाही. उलट म्हणाला, "साहेब, तेल लागलं ना, मग राबायला काय!" हे आठवलं की मला अजून मान खाली घालावीशी वाटते.

कोअर आला. पांढराशुभ्र, कोरा करकरीत, पिठाच्या गोळ्यासारखा. दिव्याखाली मेल्यासारखा पडला. मी तो हातात घेऊन फिरवला आणि ओरडलो, "बघा! इथं चमकतोय!"

परबनं वाकून दिव्याच्या पेटीत डोकं घातलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "साहेब, जरा तो दगड खाली ठेवा."

ठेवला.

"आता नुसता हात आत घाला."

माझी पाचही बोटं जांभळ्या उजेडात झगमगत होती. परबनं माझा हात नाकाशी नेला. "लसूण," तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला. तो हसायला बाहेर गेला हे मला चाळणीच्या खडखडाटातूनही ऐकू आलं.

मॅडमना फोन करणं भाग होतं. सांगितलं.  मग त्यांचा आवाज आला, अगदी साधा. "ठीक आहे. पुढचा नमुना पाहा. हात धुऊन." त्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्यांनी नमुन्यात बाहेरचं तेल मिसळल्याचं सांगितलं, एवढंच. कोणतं तेल, कुणाचं, कुठून, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. त्या विहिरीवर ज्यांचं सगळं पणाला लागलं होतं, त्यांनी आधी मला झाकलं. मी मात्र तेव्हापासून दर नमुन्याआधी हात असे धुवायचो की ऑपरेशन थिएटरात जाणाऱ्या सर्जनला लाज वाटावी.

पुढे चुनखडी खोदत गेलो. दगडाला जाळी होती. अनारसा उत्तम जमला होता. पण आत पाणी. सगळीकडे पाणी. बाबूनं बघितलं असतं तर पेढे वाटले असते.

आणि मग एका सकाळी चाळणीवर काळा चुरा आला.

मी तो ओंजळीत घेतला आणि मला एकदम घरी गेल्यासारखं झालं. काळा पाषाण! आमच्या चौसाळ्याच्या विहिरींच्या तळाला लागतो तोच. दख्खनच्या पठारावर एके काळी लाव्हा पसरला, तो थंड होऊन हा दगड झाला, आणि त्याचाच एक पदर पश्चिमेला समुद्राखालीही जातो. पुस्तकात हे वाचलेलं होतं. पण समुद्राच्या मधोमध उभं राहून आपल्या शिवारातला दगड हातात येणं वेगळं. मी परबला बोलावून दाखवला. "हा आमचा दगड," मी म्हणालो. एखादा माणूस परदेशात गाववाला भेटल्यावर सांगतो तसं.

तेलाच्या धंद्यात या काळ्या दगडाला तळ समजतात. तो लाव्ह्याचा. त्याला अनारशाची जाळी नाही. तो लागला म्हणजे खोदाई संपली. आणि आमच्या भागातही तेच. विहीर खोदताना मुरूम असतो तोवर आशा, घट्ट पाषाण लागला की गडी पहार टाकून वर येतात. म्हणजे माझं शिक्षण आणि माझं गाव आयुष्यात पहिल्यांदाच एकमतानं बोलत होती. मी मॅडमना कळवलं, तळ लागला, विहीर बंद करायला हरकत नाही.

त्या म्हणाल्या, "अजून थोडं आत जा."

"मॅडम, पाषाण आहे."

"माहीत आहे. फटी असू शकतात."

"मॅडम, तुम्ही नकाशावर पाहिलाय. मी या दगडावर लहानाचा मोठा झालोय. यात काही नसतं."

"मग एवढं खात्रीनं माहीत आहे तर खोदताना त्रास होणार नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

परबनं खोदाई चालू ठेवली. दगड कठीण, बिट दात खातंय, सगळ्यांचे चेहरे वैतागलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात धुतले, चुरा चिमट्यानं उचलला आणि दिव्याखाली धरला. काळ्या खड्यांच्या कडांवर चमक होती.

मी दिवा बंद केला.

चिमटा धुतला. बशी धुतली. हात धुतले. डिझेलनं धुवावेत असंही मनात आलं, पण डिझेलही त्याच दिव्यात चमकतं हे ऐनवेळी आठवलं. नाहीतर हा लेख आणखी वाढला असता. दिवा पुन्हा लावला. चमक होतीच. गॅसच्या यंत्राचा काटाही या वेळी हललेला होता. चुनखडीत तो हलला नाही तेव्हा मी म्हटलं होतं, यंत्र बिघडलंय. आता हलला तेव्हा मी काय म्हटलं असेल? यंत्र बिघडलंय.

चटणी तर संपली होती. पण मला वाटलं, रुमालाला लागलेली असेल, बाहीला असेल, नखात असेल. आणि मुख्य म्हणजे हा आमचा पाषाण. यात कसलं तेल? पुन्हा फोन करून "चमकतंय" म्हणायचं आणि पुन्हा दगड कोरा निघायचा, हे मला नको होतं. मी सकाळच्या रिपोर्टात लिहिलं, "उल्लेखनीय काही नाही." तो वाचून मुंबईनं ठरवलं की पुरे. दुपारपर्यंत परबला हुकूम आला. विहीर साफ करा आणि सिमेंट भरून बंद करा.

सिमेंट भरलं की संपलं. रिग दुसऱ्या जागेवर जाणार, क्षेत्र सरकारला परत, आणि मॅडमचा नकाशा कपाटात. हे मला सगळं ठाऊक होतं. तरी मी केबिनमध्ये बसून राहिलो. माणसाचं एकदा हसं झालं की तो किती भित्रा होतो, हे त्या दुपारी मला माझ्याच खुर्चीत बसून बघायला मिळालं.

सिमेंटच्या आधी विहिरीत मड फिरवून ती साफ करतात. परब आत आला तो वैतागून. "साहेब, तुमचा गाववाला मड पितोय. जेवढा सोडतो तेवढा परत येईना. टाकी उतरत चाललीय."

आणि मला बाबू आठवला. एका उन्हाळ्यात त्याच्या शेजारच्यानं बोअर घेतला होता. आमच्याकडं हवेच्या दाबानं बोअर मारतात, भुकटी वर उडते. पाषाणात गेल्यावर अचानक भुकटी उडायची थांबली. सगळे बोअरपाशी तोंडं बघत उभे, आणि तिकडं बांधापलीकडच्या बाबूच्या विहिरीत पाणी खदखदायला लागलं. बाबू शेजाऱ्याच्या अंगावर धावून गेलता, "माझ्या विहिरीत काय सोडलं बे?" हवा पाषाणातल्या फटीतून थेट त्याच्या विहिरीत निघाली होती. सगळा गाव हसला होता, मीही तिथं उभा होतो. या दगडावर लहानाचा मोठा झालो म्हणून मॅडमना ऐकवणारा मी, त्यातली एवढी मोठी फट विसरलो होतो. जो दगड हवा पितो, मड पितो, तो तेलही पिऊन बसलेला असू शकतो.

मी फोन उचलला. "मॅडम, सिमेंट थांबवा. पाषाण चमकतोय, गॅस आहे आणि दगड मड पितोय. फटी आहेत. हात धुतले आहेत."

"केव्हापासून चमकतोय?"

मी खोकलो.

"मी विचारलं, केव्हापासून?"

"सकाळपासून."

त्यांनी मला एक शब्दही सुनावला नाही. त्याला वेळच नव्हता. फोन ठेवला आणि बहुधा धावत वरच्या मजल्यावर गेल्या असाव्यात, कारण परबनं सिमेंटचा पंप जोडून ठेवला होता आणि "थांबा" हा निरोप त्याला कॉफी पिता पिता मिळाला.

विहिरीची चाचणी बघायला मॅडम स्वतः आल्या. समुद्राचा त्यांना भयंकर त्रास व्हायचा. हेलिकॉप्टरमधून उतरल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता आणि डोक्यावरचं हेल्मेट भुवयांपर्यंत आलं होतं. चाचणीत विहीर मोकळी सोडतात आणि जे येईल ते रिगच्या बाहेर काढलेल्या लांब नळाच्या तोंडाशी जाळतात. आधी मड आला. मग पाणी. मग पुन्हा मड. मॅडम कठड्याला धरून उभ्या. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. म्हणालो, "मॅडम, लिंबू आणू का?" त्यांनी नको म्हणून मान हलवली.

मग नळ एकदा उचकी लागल्यासारखा थांबला, आणि भक्कन जाळ झाला. एवढा मोठा की सगळ्यांनी तोंडं फिरवली. फक्त मॅडमनी फिरवलं नाही. तो नारिंगी उजेड त्यांच्या हेल्मेटवर हलत होता. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "लिंबू आणा आता."

तेलाचं क्षेत्र म्हणजे जाळ झाला की टाळ्या, असं नसतं. फटींतलं तेल आधी जोरात येतं, मग दमतं. किती दमेल, किती वर्षं टिकेल, एवढ्यासाठी समुद्रतळावरून नळ टाकावा का, यावर पुढे कितीतरी मीटिंगा झाल्या. मॅडम प्रत्येकीत तोच नकाशा घेऊन जायच्या. आणखी विहिरी झाल्या, एक कोरडी गेली. म्हणजे पाण्यानं भरली. शेवटी एक छोटा, माणसं न राहणारा प्लॅटफॉर्म उभा राहिला. समुद्रात चार पायांवर उभं केलेलं मचाण म्हणा. तिथून नळ शेजारच्या म्हाताऱ्या प्लॅटफॉर्मला. त्या म्हाताऱ्याचंही आयुष्य या नव्या तेलानं थोडं वाढलं.

पहिलं तेल वाहिलं तोवर मॅडम निवृत्त झाल्या होत्या. कार्यक्रम झाला, हार झाले, फोटोत कोण कोण होतं ते मी पाहिलं. मॅडमना बोलवायचं कुणाला सुचलं नाही. मलाही वेळेवर सुचलं नाही, हे सांगितलं पाहिजे. मी संध्याकाळी फोन केला तेव्हा त्या गिरणीत दळणासाठी उभ्या होत्या. पट्ट्याच्या आवाजात मी ओरडून सांगितलं, "मॅडम, तेल सुरू झालं!"

"पाणी किती येतंय त्यात?" त्यांनी विचारलं. सांगितलं. "बरं आहे मग," त्या म्हणाल्या. नंतर कुणालातरी, बहुधा गिरणीवाल्याला, "जरा बारीक दळा हो," असं म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, पण गिरणीचा आवाजही फार होता.

मी निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा चौसाळ्यानं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि एका पुढाऱ्याचं भाषण. "आपल्या मातीच्या सुपुत्रानं समुद्राचा तळ फोडून देशाला तेल दिलं!" मी मान तिरकी करून नम्र दिसायचा प्रयत्न करत होतो. शोभा समोर बसून माझ्याकडे अशी बघत होती की मी मान लगेच सरळ केली.

सत्कारानंतर शाल अंगावर ठेवूनच मी बाबूच्या दुकानात गेलो. म्हटलं, गावाला भाषण ऐकू दे, खरी गोष्ट मित्राला सांगू. आणि सगळी सांगितली, आत्ता तुम्हाला सांगितली तशी. चटणी, कोअर, पाषाण, दिवा बंद केला तो, पंप जोडलेला होता तो, आणि ऐनवेळी मी फोन कसा उचलला ते. फोनचा भाग जरा रंगवून सांगितला. तो भाग मला आवडतो. शेवटी म्हणालो, "बाबू, तो फोन मी केला नसता ना, तर सगळं सिमेंटखाली गेलं असतं."

बाबू कुणाच्या तरी जळालेल्या मोटारीत तार भरत होता. त्यानं ती भरून संपवली, टोक कापलं, आणि मान वर केली.

"म्हंजी तू त्या दिवशी घरी असतास," तो म्हणाला, "तर त्या बाईला तेल सकाळीच घावलं असतं की बे."